पोटातली पांढरी रेघ

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची कातडी इतकी पातळ असते की आतलं सगळं दिसतं. बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, डोळे घट्ट मिटलेलं. ते दूध प्यालं की पोटाच्या डाव्या अंगाला एक पांढरी रेघ उमटते. रेघ दिसली की समजायचं, आईला दूध आहे. नाही दिसली की समजायचं, हे उद्याचा दिवस बघणार नाही. वजनकाट्याच्या आधी आणि नोंदवहीच्याही आधी, आम्ही उंदरांवर काम करणारी माणसं त्या रेघेवर विश्वास ठेवतो. मीही ठेवला, आणि त्या विश्वासानेच बुडाले.

माझं काम काय, हे सगळ्यात नीट मी माझ्या आईला सांगितलं होतं. घरी आम्ही दोघीच. ती भाजी निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसून नुसती देठं खुडत होते.

"दूध तयार करायची कृती शरीरातल्या प्रत्येक पेशीजवळ असते, आई. डोळ्यातल्या, नखातल्या, केसाच्या मुळातल्यासुद्धा. पण बाकीच्यांनी ती घडी घालून, गाठ मारून आत ठेवून दिलेली असते. उघडते फक्त स्तनातली पेशी. तीही बाळ झाल्यावर."

"तिला कोण सांगतं, आता उघड म्हणून?"

"बाळंतपणात वार पडली की रक्तातलं एक संप्रेरक झपकन उतरतं. पोटात बाळ असेपर्यंत त्यानेच आतून कडी लावलेली असते. कडी निघते. मग दुसरं एक संप्रेरक येऊन पेशीचं दार वाजवतं. दार वाजलं की आतला निरोप्या पळत सुटतो आणि जनुकांच्या लांबलचक धाग्यावर एका बटणावर जाऊन बसतो. ते बटण दुधाच्या जनुकापासून खूप लांब असतं. पण धागा वाकतो, बटण जनुकाला येऊन टेकतं, आणि दूध सुरू होतं."

"आणि बटणच नसलं तर?"

"तर दूध नाही. आईने कितीही जीव टाकला तरी नाही."

आईचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. तिला माझ्या वेळी दूध आलं नव्हतं. मी बाटलीवर वाढले. तिच्या सासूने तेव्हा भरल्या घरात म्हटलं होतं, "पोटात मायाच नाही, तर पान्हा फुटणार कुठून?" या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. आई ती सांगते तेव्हा हसून सांगते, म्हणून ती अजून दुखते हे मला माहीत आहे.

"मग शोध बाई तुझं बटण," ती म्हणाली. "आणि सापडलं की मला एका कागदावर लिहून दे. सही-शिक्क्यासकट."

मला तेवढंच सिद्ध करायचं होतं. ते बटण नसेल तर दूध नाही, मायेचा काही संबंध नाही. लोकांना मी पेशींचं, रोगांचं, पुढच्या उपयोगांचं बरंच काही सांगायचे. ते खोटं नव्हतं. पण पहाटे जाग यायची ती या एका वाक्यासाठी.

उंदरांची खोली तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होती. खिडकी नाही. दिवे घड्याळावर लागायचे आणि घड्याळावर विझायचे. तीन भिंतींना रॅक, रॅकवर पारदर्शक पिंजरे, पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, आणि भुशात माद्यांनी कागदाच्या चिंध्या करून बांधलेली वाटीसारखी घरटी. ज्या माद्यांच्या जनुकांतून मी ते बटण कापून काढलं होतं त्यांच्या पिंजऱ्याला पिवळं कार्ड. ज्यांचं बटण जागच्या जागी होतं त्यांना पांढरं. त्या सगळ्या काळ्याभोर. कार्ड काढून टाकलं असतं तर मलाही ओळखू आल्या नसत्या.

या खोलीची खरी मालकीण आत्या. ती कुणाची आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं-पाणी बघणं, नवी पिल्लं झाली की पाटीवर लिहिणं, हे तिचं काम. ती सातला यायची, चारला जायची. मी नऊला यायचे. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, म्हणून वरच्या रॅकसाठी तिने एक स्टूल ठेवलं होतं आणि त्या स्टुलाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. काम करताना ती गुणगुणायची. शब्द तिचेच, जुळतील तसे:

काचेवाणी पोट, त्यात दुधाची गं रेघ,
इवल्या आभाळी जसा एकुलता एक मेघ.

"आत्या, उंदरांना गाणं कळतं का गं?"

"तुझ्या त्या सरांपेक्षा जास्त कळतं."

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही. उलट चांगला, आणि तेच अवघड. ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "एवढ्या लांबच्या बटणाने काही अडत नाही. निसर्ग एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगत नाही. तू करून बघ, पण मनाला लावून घेऊ नकोस." मी मनाला लावून घेतलं होतं आधीच.

पिवळ्या कार्डाच्या माद्या पहिल्यांदा व्यायल्या त्या दिवशी मी बोळातून धावत गेले. खरं म्हणजे मी मरणाची वाट बघत धावत होते. पोटं रिकामी असायला हवी होती. मी पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं. पोटात पांढरी रेघ. दुसऱ्याच्या पोटात रेघ. सगळ्यांच्या.

दहा दिवस वजनं घेतली. पिल्लं वाढत होती. जरा सावकाश, पण वाढत होती. पांढऱ्या कार्डाच्या माद्यांची पिल्लंही थोडी हलकी भरत होती, म्हणून मी खाण्यात दोष काढला आणि पुरवठादार बदलला. मग पिवळ्या कार्डाच्या माद्यांच्या स्तनातल्या पेशी तपासल्या. तिथे दुधाचं जनुक जवळजवळ मुकं. निरोप्या येऊन उभा, आणि बसायला जागा नाही. माझ्या नळ्या सांगत होत्या की या आईला दूध नाही. पिल्लांची पोटं सांगत होती की आहे.

पिल्लांना तासभर आईपासून दूर ठेवून, परत देऊन, आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायची पद्धत आहे. तीही करून पाहिली. पण पहिलटकरणी बिथरल्या, दोघींनी पिल्लं खाल्ली, आणि सरांनी ते थांबवलं. "रोजचं वजन आणि पोटातली रेघ पुरे. कशाला छळतेस?" म्हणून रोज सकाळी नऊला रेघ आणि वजन, एवढंच राहिलं.

तीन पिढ्या केल्या. तिन्ही वेळा तेच.

आमच्या मजल्यावर एक सहकारी आहे, त्याला सगळे नकारघंटा म्हणतात. काहीही विचारा, आधी नाही वाजणार. तो माझ्या टेबलाशी आला आणि कागद उलटेपालटे करून म्हणाला, "नळी खोटं बोलू शकते. पोट खोटं बोलत नाही."

"म्हणजे माझं चुकतंय, असं तुला वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला वाटायला लागलं की प्रयोग फसतात."

मी माझ्या हातांवर संशय घ्यायला लागले. दोन वर्षं घेतला. रसायनं बदलली, यंत्र बदललं, तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून आणली. शेवटी सरळ लिहून दिलं की माझं म्हणणं टिकत नाही. बटण काढलं तरी पिल्लं जगतात, म्हणजे त्या बटणावाचून दूध अडत नाही. लिहिताना मला एक कडू समाधान होतं. निदान मी खोटं तरी लिहिलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

"म्हणजे बटण नसलं तरी दूध येतं?"

"उंदरांना तरी येतं."

"मग सासूबाईंचं बरोबर होतं तर," ती म्हणाली आणि हसली. हसत हसत चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "धर. नीट ताण."

मी तिला समजावलं की याचा अर्थ तसा होत नाही, दुसरी बटणं असतील, दुसरी कारणं असतील. ती हो हो म्हणाली. त्यानंतर तिने उंदरांची चौकशी कधी केली नाही. पूर्वी रोज टोमणा असायचा, "तुझ्या उंदरांच्या घरी दर महिन्याला पाळणा हलतो, आमच्या घरी कधी?" तोही बंद झाला.

फसलेल्या प्रयोगाचे उंदीर कुणी पोसत नाही. सरांनी वसाहत बंद करायला सांगितली. या जातीचे गोठवलेले भ्रूण टाकीत होते, पुढेमागे लागलीच तर म्हणून. टाकीत जागा दुसऱ्या कुणाला हवी होती. भ्रूण फेकायच्या पत्रावर सही माझी लागत होती, ती मी केली. महिन्याभराने एका गुरुवारी उरलेल्या अकरा माद्या आणि चार नर मी वायूच्या पेटीत ठेवले. हे काम मी कुणावर सोपवत नाही. शेवटची मादी पिवळ्या कार्डाची होती. ती पेटीत शिरता शिरता माझ्या हातमोज्याचं बोट हुंगत राहिली.

त्यानंतर मी आत्याच्या स्टुलावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. आत्या रिकामे पिंजरे गाडीवर रचत होती. तिने स्टुलावरून मला उठवलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं की ती काहीतरी सांगणार आहे. मी रडत होते. आवाज न करता रडते असं मला वाटत होतं, पण ती पिंजरा खाली ठेवून समोर आली.

"एवढं काय झालंय, पोरी? मेलेल्या उंदरांसाठी तू याआधी कधी रडली नाहीस."

"उंदरांसाठी नाही गं. सहा वर्षं गेली. मी म्हणत होते त्यांना दूध नाही, आणि त्यांना दूध होतं."

आत्या पदराने हात पुसत म्हणाली, "नव्हतं."

"काय?"

"पिवळ्यांना दूध नव्हतं. एकीलासुद्धा नव्हतं. सकाळी सातला येऊन बघायचे, पिल्लांची पोटं नुसती काच. आत काही नाही. आणि आया बिचाऱ्या अंगाखाली घेऊन बसलेल्या. चाटतायत, सारखं जवळ ओढतायत. मग मी आया बदलायचे."

"बदलायचे म्हणजे?"

"पांढऱ्या कार्डाची आई उचलून पिवळ्याच्या घरट्यात. पिवळीला पांढऱ्यांच्या भरल्या पिल्लांवर बसवायची. पिल्लं नाही हलवली कधी, त्यांना गारठा लागतो. आईच्या अंगाला त्या घरट्यातला भुसा चोळला की ती वास घेते आणि बसते मुकाट. तू यायच्या आधी पाच मिनिटं पुन्हा जिची तिला. तू वर गेलीस की परत. चारला जाताना पुन्हा जिची तिला. रात्रभर काय, त्यांचं त्या बघायच्या. दिवसाचं प्यालेलं पुरायचं त्यांना."

खोलीत हवा खेळवणारा पंखा घरघरत होता. मग आत कुठेतरी काहीतरी उसळलं, आणि तो आनंद होता. मी खरी होते! माझ्या नळ्या खऱ्या होत्या. पांढऱ्यांची पिल्लं हलकी का भरत होती तेही समजलं, त्यांच्या आया अर्धा दिवस दुसऱ्यांना पाजत होत्या. दूध त्या बटणानेच येत होतं. मी आत्याचे दोन्ही खांदे धरले. मी हसत असेन, कारण तीही हसली.

मग माझी नजर गाडीवरच्या रिकाम्या पिंजऱ्यांवर गेली. पेटीवर गेली. टाकीतले भ्रूण महिन्यापूर्वी माझ्याच सहीने फेकले गेले होते. जगात या जातीची एकही मादी उरली नव्हती. पुन्हा बनवायच्या तर वर्षं, खोली आणि परवानगी. परवानगी मागायला कारण लागतं. साठ-सत्तर पिल्लांना उपाशी मारायचंय, आणि कारण काय, तर पिंजरे धुणाऱ्या बाईने असं असं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मी तिला हाताला धरून सरांकडे नेलं. तिने वाटेत चपला बदलल्या, पदर नीट केला. सरांनी उठून तिला खुर्ची दिली. ती टोकावर बसली आणि जे मला सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. भुशासकट, पाच मिनिटांसकट. सरांनी हळू आवाजात विचारलं, "आत्या, रोजच्या वहीत तुमच्या सह्या आहेत. तपासलं, काही हलवलं नाही, अशी."

"लिहून कसं ठेवणार साहेब? तुम्ही बंद केलं असतं."

"खरंय," सर म्हणाले. "खरंय. तुम्ही जा आता. काही काळजी करू नका, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."

ती गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"तुला पटलं?"

"सर, सगळं जुळतं. माझा प्रत्येक आकडा जुळतो."

"आकडे जुळणारच. ती सहा वर्षं तुझं बोलणं ऐकतेय. नळ्या काय म्हणतात, पोटं काय म्हणतात, पांढऱ्यांची वजनं का कमी, सगळं तू त्या खोलीतच बडबडत होतीस." ते थांबले. सांगू की नको असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "नकारघंटेला विचार. त्याच्या शीतपेटीचं काय झालं होतं ते."

मी जिने चढून गेले. तो सूक्ष्मदर्शकावर वाकलेला होता. प्रश्न ऐकून त्याने डोळा काढला नाही.

"दोन वर्षांपूर्वी माझी शीतपेटी उघडी राहिली. चार वर्षांचे नमुने वितळले. मी वेड्यासारखा झालो होतो. आठवडाभर मलाच वाटत होतं की मीच दार नीट लावलं नाही. मग आत्या आली आणि म्हणाली, मी लावलं नाही, मी पुसायला उघडलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला शिव्या दिल्या. त्या रात्री घरी जाऊन आठवड्याभरात पहिल्यांदा झोपलो."

"मग?"

"मग महिन्याभराने कळलं की त्या आठवड्यात ती रजेवर होती. लेकीच्या घरी. इथे नव्हतीच." आता त्याने मान वर केली. "मी तिला विचारलं, का गं असं म्हणालीस? म्हणाली, तू जेवत नव्हतास."

त्या दिवशी तो एकदाही नाही म्हणाला नाही. जिने उतरताना मी हिशेब केला: तिच्या त्या रजेच्या आठवड्यात माझ्याकडे दूध पिणारी पिल्लं नव्हतीच, म्हणजे तिथूनही काही कळणार नव्हतं.

मी परत खाली गेले तेव्हा आत्या धुण्याच्या खोलीत होती. मोठं यंत्र चालू होतं, पिंजरे आत खडखडत होते, आणि वाफेने सगळं ओलं झालं होतं. तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"आत्या, त्याची शीतपेटी तू उघडी टाकली नव्हतीस."

तिने यंत्राचं झाकण तपासलं, जे तपासायची काही गरज नव्हती. "नव्हती."

"मग माझे उंदीर? खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ घालत नाही, नुसतं सांग. आया बदलल्यास का?"

"तुला काय हवंय?"

"मला काय हवंय ते विचारू नकोस गं. जे झालं ते सांग."

"अशी का बघतेस माझ्याकडे?" ती मागे सरकली. सहा वर्षांत ती माझ्यापासून कधी मागे सरकली नव्हती. "मघाशी मला वाटलं तुला बरं वाटेल. आधी वाटलंही तुला बरं. मग तू मला ओढत साहेबांकडे नेलंस. आता चेहरा बघ तुझा. कागदासारखा झालाय. सहा वर्षं माझ्यामुळे वाया गेली असंच म्हणत्येस ना मनात?"

"तसं असेल तर तसं."

"मग नाही केलं मी काही. झालं? त्यांना दूध होतं. तुझी चूक नाही, माझी नाही, कुणाची नाही. होतं दूध. जा, तोंड धू, काहीतरी खा."

"आत्या!"

"नाही केलं म्हटलं ना."

"तासापूर्वी केलं म्हणालीस!"

"तासापूर्वी तू रडत होतीस."

यंत्र थांबलं. मी तिला विचारलं, कुठली आई कुठे ठेवलीस, एक तरी पिंजरा सांग, एक तारीख सांग, एक खूण सांग जी मला ठाऊक नाही. ती विचार करू लागली. मनापासून करत होती, ओठ हलत होते, आणि मला दिसलं की ती आठवत नाहीये, तर माझ्या चेहऱ्यावर शोधतेय. मला कुठलं उत्तर हवंय ते. मी भुकेली दिसत होते, आणि तिला नेमकं काय भरवावं ते कळत नव्हतं.

"पोरी," ती शेवटी म्हणाली, "पिल्लं मेली नाहीत ना? तेवढं मला माहीत आहे. बाकी तू शिकलेली आहेस, तू बघ."

मी तिला दोष देत नाही. देता आला असता तर बरं झालं असतं. तिने केलं असेल, तर माझं म्हणणं खरं आहे आणि ते सिद्ध करायला एक शेपूटही उरलेली नाही. केलं नसेल, तर मी एका चांगल्या बाईच्या दिलाशावर तासभर जगले. यातलं कुठलं झालं ते जगात तिला एकटीलाच ठाऊक आहे, आणि तिला विचारलं तर ती समोरच्याला लागेल ते देते. वरून कुणी कडी लावली असती तर कधीतरी निघाली असती. इथे दारच भिंतीत बुजवून टाकलेलं.

घरी त्या संध्याकाळी आईने विचारलं, "आज उशीर?" मी म्हटलं, "उंदरांची खोली आवरत होते." मला तिला सांगायचं होतं. एक वाक्य तोंडाशी आलं होतं: आई, त्यांना दूध नव्हतं. ते गिळलं. उद्या ते मागे घ्यावं लागलं तर तिच्यासमोर दुसऱ्यांदा कशी उभी राहू? पहिल्यांदा मागे घेतलं तेव्हा ती हसली होती. तिने भात वाढला, मी जेवले, ती टीव्ही बघत बसली.

दुसऱ्या दिवशी वसाहत बंद केल्याचा फॉर्म भरायचा होता. चार पानं. किती जनावरं, किती पिढ्या, परवाना क्रमांक, मारण्याची पद्धत. सगळं भरलं. शेवटचा रकाना: निष्कर्ष, एका ओळीत. तिथे येऊन मी थांबले. अहवाल लिहिला तेव्हा माझी खात्री होती. कालच्या दिवसात ती दोनदा उलटली, आणि आता काहीच उरलं नव्हतं.

"बटण काढल्यास दूध येत नाही" असं लिहायला माझ्याकडे पुरावा नव्हता. "येते" असं लिहायला माझा हात चालत नव्हता. "सांगता येत नाही" असं लिहिलं, आणि खोडलं, कारण या रकान्यात तसं कुणी लिहीत नाही. सहा वर्षं, तीन पिढ्या आणि शंभरावर जनावरं वापरून सांगता येत नाही, असं कोण लिहितं?

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तशीच बसून होते. सर आले. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद वाचला, खोडलेलं पाहिलं. माझ्यासमोरचा पेन उचलला आणि वाकून, आपल्या गोल, स्वच्छ अक्षरात रकाना भरला: बटण नसतानाही दूध येते.

"अहवालात तूच लिहिलंयस हे," ते म्हणाले, मायेने. "सही कर. आणि दोन दिवस सुट्टी घे."

दारात एक संशोधक पिंजऱ्यांची गाडी घेऊन उभा होता. त्याच्या उंदरांना ती खोली आजपासून मिळाली होती. गाडीवरचं कापड हलत होतं, खालून खुडबूड ऐकू येत होती.

"झालं का?" त्याने विचारलं. "नाही म्हणजे, घाई नाही. पण बोळात फार गार आहे त्यांना."

मी सही केली आणि उठून त्याला किल्ली दिली.